हात मागे, बाबाराव!

बाबारावांना भाषण शिकवायचं आमच्या ह्यांनी मनावर घेतलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, अहो, त्या माणसाला त्याच्या पद्धतीनं बोलू द्या. पण माझं ऐकतो कोण? मंडळात मी पडले चहावाली आणि वेळ संपली की घंटी वाजवणारी.

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. लढाई सुरू होती, फौजेचं सामान बनवणाऱ्या फॅक्टरीत रविवारच्या सुट्ट्या बंद झाल्या होत्या, खिडक्यांच्या काचांवर आम्ही काळे कागद चिकटवले होते. तरी अधारताल मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत शनिवारचं वक्तृत्व मंडळ काही चुकत नव्हतं. आमचे हे, म्हणजे रत्नाकरराव, सरकारी हिशेब कचेरीत होते. मंडळाचे अध्यक्ष तेच, शिक्षक तेच, भाषण झाल्यावर चुका काढणारेही तेच. चुका काढताना त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की बघत राहावं! त्यांचा पहिला नियम, वक्त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. हात हलवणारा वक्ता म्हणजे जिलबीवरच्या माश्या हाकलणारा हलवाई, असं त्यांचं म्हणणं.

आणि ह्या नियमात सापडले बाबाराव.

बाबाराव आमच्या शेजारचे, मूळचे अमरावतीकडचे. फॅक्टरीच्या हॅमर शॉपमध्ये, म्हणजे लोखंड ठोकायच्या खात्यात, त्यांची जवानी गेली. तिथं मोठा हॅमर पडतो तेव्हा म्हणे दातसुद्धा हलतात. एकानं लाल लोखंड सांडशीत धरायचं आणि दुसऱ्यानं दांडा ओढून हॅमर चालवायचा. सांडशी बाबारावांकडे, दांडा त्यांचा दोस्त पुंडलिक याच्याकडे. त्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. तळवा खाली केला की मार, मूठ वर केली की थांब. चहा, सुट्टी, साहेब आला, साहेब गेला, कोणाची सासू आली, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. वर्षानुवर्षं असं चाललं. बाबाराव घरीसुद्धा पाणी हातानंच मागायचे, आणि त्यांची बायको भानुमती म्हणायची, "तोंड काय भाड्यानं दिलं का?" पुंडलिकचे तर कानच गेले होते. तोफ उडाली तरी त्याला पत्ता नसता.

हा पुंडलिक येत्या सोमवारी रिटायर होणार होता. लढाई असो नसो, वय झालं की झालं. शॉपची रीत अशी की जाणाऱ्याला त्याच्या जोडीदारानं सगळ्यांसमोर बोलून निरोप द्यायचा. जोडीदार बोलला नाही, तर साहेब त्यांचं ठेवणीतलं भाषण वाचतात. तेच ते भाषण, नाव तेवढं बदलायचं. बाबारावांनी हाय खाल्ली होती. मला म्हणाले, "वहिनी, साहेबानं पुंडलिकले ते भाषण वाचून दाखवलं ना, तर मी त्याले तोंड नाही दाखवू शकत. मले एक गोष्ट सांगाची आहे. सगळ्यांसमोर सांगाची आहे."

कोणती गोष्ट, ते काही सांगेनात.

त्याआधी महिनाभर दर शनिवारी ते आले. हात मागे बांधले की त्यांची जीभही मागे बांधली जायची. "सज्जनहो," म्हणायचे, मग घाम. बोटं सुटून पुढे आली की आमचे हे गरजायचे, "हात मागे, बाबाराव!" झालं, पुन्हा सज्जनहो. मला असा राग यायचा! एकदा तर मी मुद्दाम आमच्या ह्यांच्या चहात साखर टाकली नाही.

शेवटच्या शनिवारी भानुमती आली आणि तिच्याबरोबर पुंडलिकही आला. त्याला ऐकू येणार नव्हतं, पण दोस्त आपल्यासाठी तयारी करतो आहे म्हटल्यावर तो राहतो काय? पुढच्या रांगेत पोह्यांची बशी घेऊन ऐटीत बसला. बाबाराव उभे राहिले. हात मागे. "सज्जनहो." संपलं. पुंडलिक बिचारा मान डोलवून हसून राहिला होता, त्याला वाटलं भाषण चालू आहे. बाबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवार परवावर आला होता आणि गाडी सज्जनहोवरच अडलेली.

तेवढ्यात सायरन झाला. गल्लीतून वॉर्डन ओरडला, "बत्ती बुझाओ! अरे भैया, बत्ती!" मी बटण दाबलं. खोलीत मिट्ट काळोख झाला.

आणि त्या काळोखात बाबाराव बोलायला लागले. मी जवळच होते, त्यांच्या हातांचा वारा मला लागत होता. हात सुटले होते!

"चूक माझी होती," ते म्हणाले. "लाल लोखंड सांडशीतून घसरलं, मी पकडाले गेलो, हातमोजा अडकला. दोन्ही हात हॅमरखाली. मी बोंबललो, पण तिथं कोण ऐकते? पुंडलिक माझ्या हातांकडे पाहून राहिला होता, त्यानं दांडा उलटा खेचला. हॅमर वीतभर वर थांबला. साहेबाले समजलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पुंडलिक कोणाजवळ बोलला नाही. मीही नाही बोललो, घरीसुद्धा नाही. ह्याच हातांनी पोरीचं कन्यादान केलं. हे हात त्यानं मले ठेवून दिले, आणि मी त्याले एकदाही तसं म्हटलं नाही."

"अगं बाई!" काळोखात भानुमतीचा आवाज आला, आणि मग तिच्या बांगड्या वाजल्या. डोळे पुसत असावी. माझंही नाक वाहत होतं, खोटं काहून बोलू?

धोका टळल्याचा सायरन झाला, मी दिवा लावला. टाळ्या पडल्या. आमचे हे तर उठून उभे राहिले, "वा बाबाराव! जिंकलं! सोमवारी अस्संच!"

पुंडलिकनं बशी खाली ठेवली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "काय रे बाब्या, आली ना बत्ती? आता तरी सुरू कर!"

टाळ्या थांबल्या. ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं, त्याच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं.

बाबारावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात वर घेतले.

"हात मा..." आमच्या ह्यांनी सवयीनं सुरू केलं.

"गप्प बसा हो!" मी सगळ्यांदेखत म्हटलं. बसले.

बाबारावांनी सगळं पुन्हा सांगितलं, आवाज न करता. सांडशी, घसरलेलं लोखंड, अडकलेला हातमोजा, वरून येणारा हॅमर. शेवटी दोन्ही तळवे पुंडलिकसमोर धरले आणि तसेच उभे राहिले.

पुंडलिक उठला. ते तळवे त्यानं आपल्या हातांत घेतले आणि तोंडानंच बोलला, गल्लीत ऐकू जाईल असा.

"अरे येड्या, हे काय मले माहीत नाही? सगळे सकाळी मशीनले हात जोडतात, तू माझ्याकडे तोंड करून जोडते. त्या दिवसापासून रोज जोडते. माझे कान गेले बाब्या, डोळे नाही गेले."

बाबाराव तिथंच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. आमच्या ह्यांना त्या दिवशी एकही चूक काढायला सुचलं नाही. भानुमतीनं पदरानं नाक पुसलं आणि पुंडलिकची बशी पोह्यांनी पुन्हा भरली, अगदी शिगोशीग.