भागीरथी अक्काची आरोळी

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात, हुरड्याला आलेल्या ज्वारीवरून एक आरोळी लहरत येते, ‘हाऽऽ हुर्र्यो!’ गोफण सणाणते, दगड सुटतो आणि पाखरांचा थवा भुर्रकन आभाळात उधळतो. नौबादहून मादन हिप्परग्याला माहेरी आले, की हा नाद कानी पडतो आणि मन थेट शाळेच्या मैदानावर धाव घेते. आरोळी भागीरथी अक्काची. आमच्या शाळेच्या पहिल्यावहिल्या सॉफ्टबॉल संघाची ती पिचर, आणि मी तिचे चेंडू झेलणारी कॅचर.

धनगराच्या त्या लेकीला चेंडू फेकायला कुणी शिकवले? कुणीच नाही! गोफणीसारखाच तिचा हात खांद्याभोवती गरकन फिरे, तोंडून ‘हुर्र्यो’ निघे आणि समोरचीची बॅट हलायच्या आत चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये शिरलेला असे. काय तो वेग, काय ती अचूकता! तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

पण कलबुर्गीच्या अंतिम सामन्यात पंचांनी तिची आरोळीच बंद केली. समोरच्या मुली बिचकतात, म्हणे. झाले! मुकी झालेली अक्का फेकू लागली आणि चेंडू सैरावैरा पळू लागले. आमची जेमतेम एका धावेची आघाडी, त्यांची शेवटची खेळाडू समोर. तिचे तीन चेंडू हुकले, की चषक आमचा. अक्का माझ्याजवळ आली, डोळे भरलेले.

“वरडल्याबिगर हातच सुटंना गं. काय करू आता?”

 उपाय सुचला तो टेंपोतून गावकऱ्यांबरोबर सामना बघायला आलेल्या तिच्या आईला. लेकीच्या हाती गोफण तिनेच तर दिली होती! अक्काचा हात वर जाताच तिने पदर खोचला आणि ठणकावून आरोळी दिली, ‘हाऽऽ हुर्र्यो!’ चेंडू थेट माझ्या ग्लव्हमध्ये. दुसऱ्या चेंडूला सारे गाव ओरडले, तिसऱ्याला सारे मैदान! पंच बघतच राहिले. प्रेक्षकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?

अक्काला पुढे मैदान लाभले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. ती मात्र ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावर राणीसारखी उभी असते. आज बांधावर मला पाहून हसली.

“काय बघायलीस? धर!”

तिने एक कणीस हाती घेतले. तिची आई आता नाही. म्हणून तिचा हात वर जाताच, शाळामास्तरणीचा सगळा आब विसरून, आरोळी मी दिली. कणीस नेमके माझ्या ओंजळीत आले, आणि तळवे झणझणले.