डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं

माझ्या आजाराला सिस्टेमिक स्क्लेरोसिस म्हणतात. कातडी ताठ होते, थंडीत बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, की बोटांतल्या बारीक नसा आकसतात तशा कधी कधी मेंदूतल्याही आकसतात. बोलता येईना किंवा हात लुळा पडला, तर लगेच यायचं.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चुलीपाशी मला सांडशी मागायची होती. ती समोर दिसत होती, पण तिचा शब्द येईना. उजवा हातही मेल्यासारखा झाला. थोड्या वेळानं दोन्ही परत आले, पण सासूबाई घाबरल्या. आमचे हे नागझिऱ्याला कामावर. घरी मोटारसायकल चालवणारे एकटे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर मी पदर घेते, बोलत नाही. त्यांच्या मागे टेकून कशी बसणार? म्हणून मध्ये सासूबाई बसल्या. आमगावपासून गोंदियापर्यंत त्यांचं चालूच होतं, "तू समोर सरक. तू मांगं सरक." मागं जागा नव्हती, नुसता दिवा होता.

तपासायच्या खोलीत भासरेही आले. सासूबाईंनी सकाळचं सगळं सांगितलं.

"पति का नाम बताइए," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

"बरं, हसून दाखवा."

भासऱ्यांसमोर हसायचं? मी पदर आणखी ओढला. बाईंचा चेहरा उतरला. "वाचा गेलेली दिसते. आत्ताच नागपूरला न्या."

डोक्यात खरंच काही झालं असेल, तर ते मला तरी कसं कळणार?

सासूबाई मात्र चिडल्या. "काऊन वो बाई, नवऱ्याचं नाव कोनी घेते का? डोस्कं जाग्यावर हाय म्हनून चूप हाय ते. नाव घेतलं असतं त मीच नागपूरले नेली असती."

"मग मी विचारू काय?"

"भाजी इचारा."

बाईंनी भासऱ्यांना बाहेर पाठवलं आणि स्वयंपाक विचारला. मी लाखोरीच्या वरणापासून सुरू झाले, ते फोडणीत लसूण कमी पडला इथपर्यंत गेले. बाईंनीच हात वर केला. "बस. आता एकदा नाव, म्हणजे माझी खात्री होईल."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कानांत बोटं घातली. "घे. मी आयकून नाही राहिली."

मी घेतलं. आवाज जरा मोठाच निघाला. बाहेर भासरे खोकले.

मग मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढला. मेंदू शाबूत निघाला. नसा तेवढ्यापुरत्या आकसल्या असाव्यात, बाई म्हणाल्या. गोळ्या चुकवायच्या नाहीत, थंडीत हात उबेत ठेवायचे, आणि पुन्हा असं झालं तर थांबायचं नाही.

परतताना सासूबाई मधूनच मागे वळल्या. "येवढ्या जोरानं कायले घेतलं? डॉक्टरीण का बहिरी होती?"

मी तोंडात पदर धरला. पुढे भासऱ्यांना हसू आवरेना, आणि गाडी रस्ताभर वाकडी चालली.