यवनाची कोशिंबीर

बी.ए.च्या परीक्षेत मला ग्रीसच्या इतिहासाने तारले. त्यामुळे तंजावूरच्या स्टेशनामागे एका ग्रीक माणसाची खाणावळ आहे असे कळले, तेव्हा तिथे एकदा जेवणे मला कर्तव्यच वाटले. घराण्यातला मी पहिला पदवीधर. नेमके कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नसल्यामुळे मी सर्वांचेच मानत असे.

खाणावळवाला नागपट्टणला जहाजावरून उतरलेला स्वयंपाकी होता आणि गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेचे गोरे गार्ड. मी कोटावरचे उपरणे सावरून बसलो आणि त्याच्या देशातल्या थोर तत्त्ववेत्त्यांचा विषय काढला. तो मोडक्या तमिळमध्ये म्हणाला, "आमच्या जहाजावर तसलं कुणी नव्हतं. मटण आणू?"

मांस चालत नाही म्हटल्यावर त्याने दह्यात कालवलेली काकडी आणि कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणला. एवढ्या प्राचीन संस्कृतीच्या मानाने फारच ओळखीचे निघाले. तरी मी ते आदरपूर्वक, काट्याने संपवले.

माझ्याआधी बातमी घरी पोचली. तंजावूरच्या मराठी राजाचे राज्य खालसा झाले होते, आमच्या घरचे सोवळे नव्हते. मला लहानाचे मोठे केले ते विधवा आत्तेने, आणि तिच्या चुलीसमोरची जागा जन्मापासून माझी. त्या संध्याकाळी माझे पान बाहेर तिण्णैवर, रस्त्याकडच्या ओट्यावर मांडलेले दिसले. तिथे परक्यांना वाढत. ती जागा गेली तर पदवी घेऊन बसायचे कुठे?

"कुणाकडं जेवलास रे?"

इथे मी शिक्षणाचा उपयोग केला. कॉलेजात शिकलो होतो की यवन म्हणजे मूळचा ग्रीकच. "आत्ते, तो यवन आहे," मी म्हणालो. आमच्या घरी यवन म्हणजे मुसलमान, दुसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता.

"ऐकलंस? आपल्या तोंडानं सांगतोय," ती ओट्याशी उभ्या शेजारणीला म्हणाली.

"तसा नव्हे गं! मूळचा यवन. फार जुना."

"म्हणजे विटाळही जुनाच. काय वाढलं त्यानं?"

"काकडीची कोशिंबीर."

आत्ते थबकली. "फोडणी कशाची?"

"फोडणी नव्हती."

"मोहरी नाही? हिंग?"

"नाही."

"मिरची तरी?"

"लसूण होती."

 आत्ते शेजारणीला म्हणाली, "ह्याला काय जेवण म्हणायचं? लेकरू उपाशीच आलंय की!" आणि माझे पान उचलून आत निघाली. उंबऱ्यातून ओरडली, "लसणीपायी आंघोळ कर आधी. यवनाचं मग बघू."

यवनाचे पुढे कुणी बघितले नाही. ओलेत्याने चुलीसमोर बसलो तेव्हा तिने काकडी चोचवून दह्यात घातली आणि वर चरचरीत फोडणी दिली. ग्रीसविषयी मला अजून बरेच सांगायचे होते, पण त्या आवाजात ते कुणाला ऐकू आले नसते.