आधी पाय, मग तोंड

माझे थोरले चुलते, तात्या, कोणाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. त्यांची नजर पायांवर जाई. मी निरवांगीच्या घरात शिरलो की रामराम घेण्याआधीच ते विचारायचे, "उजवा बूट चावतोय व्हय?" आणि तो चावत असायचा. जन्म मेंढरांमागे गेलेला. माझ्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही घरी येऊन एवढंच म्हणाले, "चाल चांगली हाय." चेहऱ्याचं विचारलं तर आठवेना.

कोकरांचे मोडलेले पाय ते बांबूच्या कामट्या बांधून बसवीत. त्यासाठी आसपासच्या वस्त्यांवरून बोलावणी येत. म्हणून न्हाणीत घसरून पडले तेव्हा त्यांनी स्वतःवरही तोच इलाज केला. मांडीला कामट्या बांधून घेतल्या आणि पडून राहिले. "बसंल आपोआप," म्हणाले. हाडांच्या बाबतीत त्यांना कोण शिकवणार? ताप चढला तेव्हा कुठे आम्ही त्यांना बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, वयानं हाडं ठिसूळ झालीत, खुबा मोडलाय, गोळा बदलावा लागेल. उशिरामुळे खर्चही वाढला होता.

सगळा कळप विकला तर भागणार होतं. पण घर त्या कळपावरच चालत होतं. चुलतभाऊ खाली मान घालून उभा राहिला. तात्याच म्हणाले, "आमच्यात बसलेलं जनावर ठेवत न्हाईत. मला घरी न्या."

त्यांची सून, लक्ष्मीवहिनी, सासऱ्यासमोर सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "मामा, मग ती काळी मेंढी घाटातनं खांद्यावर कशापायी आणली?"

लंगड्या मेंढीची ती गोष्ट तात्यांनीच आम्हा सगळ्यांना दहादा सांगितली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मेंढरं गेली, तात्या उभे राहिले. रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून काठी टेकत मेंढरं कोंडायच्या, आता रिकाम्या वाडग्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. "पाय आलं, पर आता चालायचं कुणाच्या मागं?" असं एकदा मला म्हणाले आणि हसले.

वहिनी आता दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाऊ लागली होती. एका संध्याकाळी ती परत येताना तात्या ओट्यावर बसून बघत होते.

"लक्ष्मी, डाव्या पायावर भार देत न्हाईस तू."

"काटा मोडलाय, मामा."

"काट्यानं असं चालत न्हाईत. डॉक्टरला दाव."

"दावू की. जरा हात मोकळा झाला की."

दुसऱ्या दिवशी तिच्या खुरप्याशेजारी तात्यांची काठी उभी होती. ते स्वतः भिंत धरून वाडग्याकडे गेले होते. तिनं काठी नेली नाही. ते रोज ठेवत, ती रोज परत त्यांच्या उशाशी ठेवी.

गेल्या थंडीत तात्या वारले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः नवा बूट घातला की.

परवा निरवांगीला गेलो. उसाच्या बांधावरून कोणीतरी तात्यांची काठी टेकत येत होतं. तोंड अजून दिसत नव्हतं. मी पाय पाहिले आणि वहिनीला ओळखलं. डॉक्टरला दाखवायचं अजून राहिलंच होतं.