लातूरचं ग्राउंड बारकं हाय

होणाऱ्या जावयाची पत्रिका बाजूला सारून त्याची बेसबॉलमधली बॅटिंगची सरासरी मागवणारा सासरा अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो आमचा मामा. नांदेडच्या एका शाळेत खेळशिक्षक म्हणून त्याने उभा जन्म काढला. गावातली सगळी पोरं क्रिकेटच्या मागे पळत असताना हा लोह्याच्या, मुखेडच्या पोरांना धरून धरून बेसबॉल शिकवायचा. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. एकदा माहूरला देवीच्या पायऱ्या चढताना एक जुना खेळाडू सहकुटुंब भेटला. मामाला नाव काही आठवेना, सरासरी मात्र आठवली. ती त्याने बायकोदेखत मोठ्याने सांगितली आणि वर "शेवटी शेवटी लई घसरलात तुम्ही" असंही सुनावलं. आकडा फिरवणं मात्र त्याच्या लेखी पाप. स्वतःच्या शाळेचा संघ हरत असतानाही त्याने कधी एक धाव वाढवून लिहिली नाही.

मामी गेल्यापासून घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक मंजू, दोघंच. मंजूसाठी दोन स्थळं आली. दोघेही बेसबॉल खेळणारे. एक लातूरचा, दुसरा पलीकडच्या गल्लीतला. मंजूच्या मनात लातूरकर भरला होता, हे मामा सोडून सगळ्यांना दिसत होतं. मामाने रीतसर दोघांची शाळेपासूनची कारकीर्द ताडून पाहिली. सरासरी लातूरकराची वरचढ निघाली. मामा म्हणाला, लातूरचं ग्राउंड बारकं हाय. मैदानाबाहेर टोलवलेले होमरनही त्याचेच जास्त भरले, तेव्हा मामाने तिथल्या वाऱ्याला दोष दिला. गल्लीतला पोरगा सारखा हुकून बाद व्हायचा, तर त्यात पंचांची नजर अधू निघाली. मला भारी मौज वाटत होती. सलग आठवडाभर मामा असा आकड्यांशी झोंबत होता.

शेवटी मंजूच त्याच्यासमोर येऊन बसली. "पप्पा, ते ग्राउंड तुम्हीच टेप लावून मापलंय. आपल्याएवढंच हाय."

मामाने आकड्यांची वही मिटली. मग म्हणाला, "हाव. पण हा पोरगा पलीकडच्या गल्लीत राहतो, माय. लातूर लई लांब पडतं."

मंजू नुसती त्याचा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी मामाने स्वतःच लातूरला फोन लावला. लग्नात तो हलगीवर मनसोक्त नाचला, आणि जेवणाच्या पंगतीत वाढप्यालासुद्धा थांबवून जावयाची सरासरी ऐकवत सुटला. त्याला इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मुलीची गाडी लातूरच्या रस्त्याला लागली, मांडव रिकामा झाला, तसा तो माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"जावई भारीच खेळतो आपला," डोळे पुसत तो म्हणाला. "जरा कमी खेळला असता तर काय बिघडलं असतं रे?"