दाराकडून निघणारी किटली

सुधाकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. फोनवर त्यांची सून होती. "ताई, अण्णा गेले... पहाटे," एवढंच म्हणाली. मी "हो, हो" करत राहिले, फोन ठेवला आणि पुन्हा गवारच मोडायला लागले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की शेंगा कचऱ्यात जातायत आणि शिरा पातेल्यात. मग मात्र रडू आवरेना. या माणसाशी मी तीसेक वर्षं भांडले, आणि आता अर्थसंकल्पाच्या दिवशी भांडायला कुणी उरलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला बारामतीतल्या एका लहानशा कॉलेजात आम्ही बरोबरच लागलो. मी मराठी शिकवायचे, सर अर्थशास्त्र. मी पणदऱ्याची, ऊसवाल्या बागायतदाराची लेक. ते निमगाव केतकीचे. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारलेला, वडील पोस्टात, आणि घरची दीड एकर जमीन कालव्याच्या अगदी शेवटाला, ज्याला आमच्याकडे लहान पोरंसुद्धा टेल म्हणतात. कालवा आधी आमच्या उसाला पाणी पाजतो आणि मग इंदापूरकडे जातो. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली असते, पण वरच्यांची पाळी संपली तरी कालव्यावरची त्यांची दारं उघडीच राहतात, आणि टेलला पोचतो तो चिखल. खरं तर नियम असा की भिजवायला टेलपासून सुरुवात करावी. नियम काय, पुष्कळ असतात!

स्टाफरूममध्ये चहाची किटली विभागप्रमुखांच्या टेबलापासून निघायची आणि दाराजवळ बसणाऱ्या, तासांवर पगार घेणाऱ्या मास्तरांपर्यंत येईतो रिकामी व्हायची. सरांनी पहिल्याच आठवड्यात किटली उचलली आणि दाराकडे चालू लागले. "आजपासनं टेलकडून," म्हणाले. सगळे हसले, एक दिवसाची गंमत म्हणून. सर मात्र रोज तेच करत राहिले, आणि महिन्याभरात प्रमुखांनाही अर्ध्या कपाची सवय झाली.

तेव्हा देशाचं सोनं गहाण पडल्याची बातमी ताजी होती आणि जो तो अर्थशास्त्री झाला होता. दाढी करता करता न्हावीसुद्धा परकीय चलनावर बोलायचा. आमच्या गावच्या व्याख्यानमालेचे कर्तेधर्ते म्हणजे माझे वडील, तात्या. त्यांना वाटलं, यंदा विषय हाच ठेवावा, देशावरचं कर्ज कसं उतरवायचं. मी सरांचं नाव सुचवलं. तात्या कॉलेजच्या संस्थेतही होते, आणि जूनमध्ये सरांना कायम करायचं की नाही हे ठरायचं होतं. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. निघताना सरांना म्हटलंसुद्धा, "दिल्लीवर काय बोलायचं ते बोला, गावावर येऊ नका." ते हसले. "बघतो की," म्हणाले. त्या "बघतो"वर मी विसंबले.

मांडवात तात्यांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला. सर सरळ गावच्या बोलीत सुरू झाले. "कर्ज वाईट न्हाय. धरणं, कालवं कर्जातनंच झाली, अन् त्याच्यावर आपण जेवलो. वाईट हाय ते रोजच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज. ते म्हंजी पुढल्याच्या पाळीचं पाणी आज आपण घ्यायचं. तो पुढला अजून जन्माला आला न्हाय, म्हणून भांडाय येत न्हाय, एवढंच." लोक ऐकायला लागले. सरकारनं आधी आपला थाटमाट कमी करावा म्हणाले, टाळ्या पडल्या. सरकारी कारखाने विकून पगार भागवणं म्हणजे पुढल्या लागणीसाठी राखलेला बेण्याचा ऊस गाळपाला घालणं, म्हणाले... आणखी टाळ्या. शाळा-दवाखान्यांना कात्री लावू नका, तिथली माणसं ओरडत नाहीत म्हणून सरकार तिथंच आधी कापतं, असंही म्हणाले. तात्या मान डोलावत होते. मी मनातल्या मनात कायमच्या नेमणुकीचे पेढेसुद्धा वाटून टाकले.

"मग पैसा यायचा कुठनं?" सर थांबले. "हितनं. ज्याच्या दाराला पाणी जास्त, त्यानं पाणीपट्टी पुरी भरावी. अन् ज्याचं उसाचं उत्पन्न साहेबाच्या पगारापरीस मोठं, त्यानं साहेबावाणी प्राप्तिकर द्यावा. एकदम न्हाय. दरसाली थोडा थोडा. घाईनं कर्ज फेडाय गेलं की गरीबच चेंगारतो."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बागायतदारानं विचारलं, "मास्तर, तुमची जमीन किती?"

"दीड एकर. निमगावला, टेलला. तुमचं भागून उरलं तर भिजती."

"मग यांचं काय जातंय सांगाय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. त्या "यांचं"मध्ये जमिनीपेक्षा बरंच जास्त होतं, ते मला कळलं, मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. सर मात्र शांतपणे म्हणाले, "जातंय की. दर महिन्याला पगारातनं कापून जातंय. अन् आजच्यानं पगारबी जाईल कदाचित." पुन्हा लोक हसले, पण या वेळी जरा चुळबुळत.

घरी तात्या चप्पल काढता काढताच म्हणाले, "शालन, माणूस खरं बोलला. पण माझ्याच मांडवात, माझाच नारळ घेऊन?"

"खोटं बोलला असता तर चाललं असतं व्हय?" मी विचारलं.

"चाललं असतं," तात्या म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

जूनमध्ये सरांना कॉलेजनं नारळ दिला. हा मात्र शालीवाचून. विद्यार्थी कमी झाले, असं कारण सांगितलं. मी तात्यांशी कितीतरी दिवस बोलले नाही, ताट वाढायचे आणि निघून जायचे. सरांनी वर्षभर इंदापुरात शिकवण्या केल्या, घरात धाकटं लेकरू होतं, मग तिथल्याच एका कॉलेजात लागले. त्या वर्षात एकदा निमगावच्या बाजारात भेटले तेव्हा मी चिडून म्हटलं, "काय मिळालं तुम्हाला?" ते म्हणाले, "ताई, कर्ज उतरवायचं म्हंजी कुणीतरी आधी आपलं दार बंद कराय लागतं. दुसऱ्याला सांगणाऱ्यानं तर पहिलं." मला ते तेव्हा पटलं नाही. पिशवीत कोथिंबीर कोंबून मी तरातरा एसटी गाठली.

पुढच्या फेब्रुवारीअखेर तात्याच म्हणाले, "त्या टेलच्या मास्तराला बोलव. टीव्हीवर बजेट हाय. ह्ये इंग्रजी आमाला कोण सांगणार?" मला वाटलं, सर कसले येतायत! पण आले, पिशवीभर डाळिंबं घेऊन. मग दरवर्षी यायला लागले. दोघं टीव्हीपुढं बसून दिल्लीला शिव्या घालायचे आणि मग एकमेकांवर घसरायचे. तात्यांनी झाल्या गोष्टीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एका वर्षी मात्र खिशातून पाणीपट्टीची पावती काढून सरांच्या मांडीवर टाकली. "मागली थकलेली सगळी भरली. आता दिल्लीला इचार, कर्ज कमी झालं का बघ."

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अन् प्राप्तिकराचं, तात्या?"

"चहा पी अन् ऊठ!" तात्या म्हणाले.

तात्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यामागं बजेटच्या दिवशी सरांशी भांडायचं काम माझ्याकडे आलं. सर गेल्यावर थोड्या दिवसांनी त्यांच्या जलदान विधीला मी निमगावला गेले. घर माणसांनी भरलं होतं. मला वयाचा मान म्हणून अगदी पुढं, त्यांच्या फोटोजवळच्या खुर्चीवर बसवलं. बुद्धवंदना झाली, लोक त्यांच्याबद्दल चार शब्द बोलले, आणि सून किटली घेऊन बाहेर आली. मी सवयीनं हात पुढं केला. ती माझ्यावरून तशीच पुढं दाराकडे गेली. उंबऱ्याशी चपलांच्या ढिगात उकिडवी बसलेली शेतावरची माणसं होती, तिथून तिनं सुरुवात केली.

माझ्यापर्यंत आली तेव्हा किटली तिरकी करावी लागली. कप निम्मा भरला. ती ओशाळली. "ताई, अण्णांनी लावलेली सवय हाय ओ. थांबा, तुमच्यापुरता दुसरा टाकते."

"नको गं," मी म्हटलं. "माझं भागलं."

अर्धा कप होता, जरा गार झालेला. मी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.