नागनाथचा उजवा हात

नागनाथच्या हातातली लाकडी तलवार थरथरायला लागली आणि विंगेत मला दरदरून घाम फुटला. त्याच स्टेजवर आमच्या विभागाचे सर फेटा बांधून घेत होते.

गोष्ट अणदूरची, साठ सालाच्या आसपासची. मी उस्मानाबादला कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. बेडकाच्या पायाचा स्नायू कायमोग्राफला, म्हणजे काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमला जोडायचा. स्नायू आखडला की काजळीत पांढरी रेघ उमटते. तो थकत गेला की रेघ बुटकी होत जाते. हे माझं संशोधन. उरल्या वेळात गावोगावच्या मंडळींना नाटकं लिहून द्यायचो. सरांना ते खपत नसे.

"बेडूक धरा, नाहीतर नाटक. दोन्ही जमायचं नाही."

पुण्याच्या लॅबसाठी माझं नाव पाठवायचं की नाही, हे ते अणदूरचं माझं नाटक बघून ठरवणार होते. माझा सगळा जीव त्या शिफारसपत्रात अडकलेला.

गॅसबत्त्या मिळाल्या नाहीत, म्हणून नाटक दुपारीच. गावचा पैलवान नागनाथ राजा झाला होता. राजानं तलवार उगारायची आणि प्रधानानं चार पानं विनवायचं. प्रधान गप्प होईस्तोवर हात खाली येता कामा नये, असं मीच तालमीत बजावलं होतं. नेमके मधेच पाटील उठले. पाहुण्याचा सत्कार चालू नाटकातच करायचा, ही तिथली रीत. फेटा, नारळ आणि वर पाटलांचं भाषण!

"नागनाथ, हात खाली घे," मी विंगेतून कुजबुजलो.

"न्हाय मास्तर! परधानाचं अजून दीड पान ऱ्हायलंय!" हे त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. लोक पोट धरून हसले.

पैलवान असला म्हणून काय झालं? एका जागी आवळून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, तो लवकर थकतो. तलवार सुटली ती थेट सरांच्या पायाशी. संपलं पुणं, मी म्हटलं.

पण सरांचं भाषणाकडं लक्षच नव्हतं. ते मघापासून नागनाथचा दंड आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"चार मिनिटं दहा सेकंद! शाब्बास. पैलवान, आता डावा हात."

"व्हय जी!" नागनाथ खुलला. अख्खा गाव मोठ्यानं आकडे मोजायला लागला. प्रधान बिचारा खाली बसला.

परतताना बसमध्ये सर म्हणाले, "नाव पाठवतो तुमचं. पण एवढं सगळं ठाऊक असून ते चार पानी भाषण आधीच का नाही कापलं?"

"स्वतः लिहिलेलं, सर. हात धजेना."

सर तुळजापूर येईपर्यंत हसत होते.

पुढं पुण्यात जन्मभर स्नायू कसे थकतात तेच शोधलं, आणि नाटकंही लिहिली. एकाही पात्राला सलग अर्ध्या पानापेक्षा जास्त बोलू दिलं नाही. विसावा न देता ताणलं की पैलवानसुद्धा थरथरतो. प्रेक्षक तर साधी माणसं.